बालवैद्य आणि माळी

बीड शहरातून सोलापूरच्या वाटेने निघाले, की बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंबा लागते. गाव मोठे नव्हे; परंतु त्याच्या चौफुलीवर घटकाभर उभे राहिले, तर या जिल्ह्याची सारी कहाणी डोळ्यांपुढून सरकत जाते. उत्तरेस बीड, दक्षिणेस सोलापूर, पूर्वेचा रस्ता केजवरून अंबाजोगाईस जातो, तर पश्चिमेचा पाटोद्यावरून जामखेडास. दसरा उलटला, की ऊसतोड मजुरांनी भरलेल्या मालमोटारी आणि ट्रॅक्टर या रस्त्यांनी साखर कारखान्यांकडे धावू लागतात. गाडीत बोचकी असतात, पत्र्याच्या पेट्या असतात, शेळ्या-कोंबड्या असतात. आणि त्या पसाऱ्याच्या वर, आईच्या पदराखाली अर्धवट झोपी गेलेली लेकरे असतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एका 'कोयत्या'ची नोंद होते. लेकराची नोंद कोणत्याच वहीत नसते! या लेकरांचा डॉक्टर कोण, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रश्न वेडगळ वाटेल. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईस खास ग्रामीण भागासाठी काढलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शहरांत बालरोगतज्ज्ञांच्या पाट्यांना तोटा नाही. मग उणे काय? उणे हे, की औषधाने जुलाब थांबतात, ताप उतरतो, मूल घरी जाते, आणि महिन्याभराने तेच मूल त्याच खाटेवर परत येते. दवाखान्यात रोग बरा होतो. मूल मात्र बरे होत नाही. कारण ज्या घरात ते परतते, त्या घरचे पाणी गढूळ, भाकरीसोबत कालवणाची वानवा, आई पहाटेपासून फडात आणि सात वर्षांची बहीण त्याची दाई. रोप पिवळे पडले म्हणून चांगला माळी पानांना रंग फासीत बसत नाही. तो मुळाशी हात घालतो, माती चाचपतो, पाणी कोठे अडले ते पाहतो. बालवैद्याने माळी झाले पाहिजे असे आम्ही म्हणतो, ते या अर्थाने.

आणि हा केवळ शब्दांचा अलंकार नव्हे. मांजरसुंब्याहून पश्चिमेचा रस्ता धरा. तो रस्ताच याची साक्ष देईल. बीड जिल्ह्याची हद्द ओलांडली, की त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड लागते. तीच पर्जन्यछाया, तेच माळरान, तीच गरिबी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली येथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले. मुंबई-पुण्यात त्यांचे बस्तान सहज बसले असते. त्यांनी जामखेड निवडले. कारण विवाहाच्या वेळीच त्यांनी खेड्यांतील दुबळ्यांसाठी झटण्याचा संकल्प केला होता.

परंतु संकल्प पुरेसा नसतो. डोळे उघडे लागतात. गावोगाव हिंडताना आरोळ्यांना दिसले, की लोक औषध मागत नाहीत, अन्न आणि पाणी मागतात. त्यांनी लोकांचे म्हणणे ऐकले. १९७२ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी विंधणविहिरी घेतल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा मुद्दाम दलित वस्त्यांत घेतल्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच दारी सवर्णांच्या घागरी आल्या! एका हातपंपाने तहान भागविली आणि शिवाशिवीच्या भिंतीलाही भगदाड पाडले. पाच वर्षांखालील मुलांसाठी गावांत अन्नछत्रे निघाली. त्यांना धान्य-भाजी पुरविण्यासाठी शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे दिले. शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, बांध घातले गेले, झाडे लागली, घरामागे परसबागा फुलल्या. अहो, हा दवाखाना की रोपवाटिका, असा संभ्रम पडावा!

याहूनही धाडसाची गोष्ट पुढेच आहे. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो प्रयोग फसला. बाहेरची बाई गावात रुजेना. तेव्हा गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कित्येक टाकलेल्या होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, शिकत, आणि गावी परतून मुलांची वजने घेत, बाळंतपणे करीत, जुलाब झालेल्या लेकरास मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे ते आईला दाखवीत. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत हा आकडा तिशीच्या खाली उतरला. यंत्रे तीच, औषधे तीच. बदलली होती ती माती!

जगाने याची दखल घेतली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण मिळाले. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये गेले. त्यांचे काम जामखेडपुरते राहिले नाही. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना हेच उमगले, की कोरकूंची मुले मरतात ती मुळात भुकेने, म्हणून डॉ. कोल्हे यांनी स्वतः शेती केली आणि गावाला करून दाखविली. त्याहीपूर्वी, १९७१ साली, बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बालवैद्याने ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तो नातेवाइकांच्या हाती दिला. आणि शेकडा तिसांच्या घरात गेलेले मृत्यू शेकडा चारांच्या खाली आले. तिन्ही ठिकाणचा धडा एकच: लेकराचा प्राण वाचविण्याची विद्या आईच्या ओंजळीत जाईल, तेव्हाच ती खरी विद्या.

आणि येथे आम्हांस एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जुलाबाने सुकलेल्या लेकराला लागते काय? स्वच्छ पाणी, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर. ज्यांचे आई-बाप रात्रीच्या अंधारापासून ऊस तोडून सबंध देशाची साखर गोड करतात, त्यांच्याच कोपीत ते स्वच्छ पाणी आणि ती वेळेवर पाजणारी मोकळी आई असू नये, याहून कडू ते काय?

कोणी म्हणेल, डॉक्टराने डॉक्टरकी करावी, बागकाम कृषिखात्याने करावे, पाणी पाटबंधारे खात्याने द्यावे. सरकारी कचेरीत हे तर्कशास्त्र शोभून दिसते. परंतु मुलाचे पोट खात्यांत विभागलेले नसते! दुसरा कोणी म्हणेल, आरोळे-कोल्हे ही माणसे लाखांत एक. सामान्य डॉक्टराकडून ही अपेक्षा कशी धरावी? हा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि आम्हांस तो मान्य आहे. संतत्व हा सरकारी नोकरीचा नियम करता येत नाही. पण म्हणूनच आमचे म्हणणे असे, की जे या माणसांनी त्यागाने केले, ते समाजाने व्यवस्थेने करावे. आपण नेमके उलटे करतो. सेवाभावी डॉक्टराच्या गळ्यात हार घालतो, शाल पांघरतो, आणि त्याच्या कामाचा वारसा सांगणाऱ्या बाईला मात्र वाऱ्यावर सोडतो. गावातलीच बाई गावाच्या आरोग्याची राखणदार, ही जामखेडची कल्पना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली 'आशा' या नावाने देशभर नेली. ती आशाताई आजही कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नव्हे, 'मानधन' मिळते, आणि त्यासाठीही तिला मोर्चे काढावे लागले आहेत. माळ्याला उपाशी ठेवून बाग फुलविण्याची ही कोणती रीत?

तेव्हा आमचे मागणे थोडके आणि रोकडे आहे. आशाताईंस नियमित वेतन द्या. प्रत्येक अंगणवाडीस बारमाही पाणी आणि दारची परसबाग द्या. शेवगा, पालक, मेथी ही काही परदेशातून आणावयाची औषधे नव्हेत. ऊसतोड्याच्या लेकराची लस आणि वजन यांची नोंद त्याच्यासोबत फडापर्यंत जाऊ द्या, आणि ज्या कारखान्याच्या उसाला त्याचे आई-बाप कोयता लावतात, त्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती करा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला एक हंगाम कोपीत जाऊन बसू द्या. पुस्तकात न सापडणारे बालरोगशास्त्र त्याला तेथे सापडेल.

आणि सुशिक्षित शहरी वाचकहो, यातले काहीच तुमच्याविना होणार नाही. तुमची मुले डॉक्टर होतात, तुमची मते सरकारे घडवितात, आणि सकाळी तुमच्या चहात विरघळणारी साखर मांजरसुंब्याच्या चौफुलीवरून गेलेल्या हातांनी तोडलेली असते. यंदाही दसरा येईल, गाड्या भरतील, आणि बोचक्यांवर झोपलेली लेकरे त्या चौफुलीवरून पुढे जातील. त्यांतली किती परत येतील, हे आरोळ्यांचे धडे आपण गिरवितो की नुसते गौरवितो, यावर अवलंबून आहे.