बांध किती वेळ टिकेल?

तापीच्या तीरावर वसलेल्या सुरतेस पुराची ओळख करून द्यावयास नको. १९६८ चा महापूर आला, तेव्हा उकाईचे धरण पुरे व्हावयाचे होते. ते १९७२ साली पुरे झाले. तथापि ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेलाच. नदीकाठचा बांध पाहून नागरिक निश्चिंत होतो. परंतु पाणी बांधावरून वाहू लागले, तर तो किती वेळ टिकेल, हाच आमच्या मते खरा प्रश्न होय.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सकाळपर्यंत तगविले, म्हणून पूर दिवसाउजेडी आला. तोच रात्रीच्या अंधारात येता, तर अनर्थ कितीतरी मोठा झाला असता. तासांचे मोल ते एवढे!

हे तास आधी अजमावता येतात काय? पुष्कळ अंशी येतात. प्रत्येक माती पाण्याची ओढ एका मर्यादेपर्यंत सोसते. त्यापुढे ओढ जितकी अधिक, तितकी झीज अधिक. नमुन्यावर पाण्याची बारीक धार सोडून, किती वेळात किती खोल खळगा पडतो हे मोजले, म्हणजे त्या मातीचा स्वभाव कळतो. अमेरिकेत स्टिलवॉटर येथे खरोखरीचे बांध रचून त्यांवरून पाणी सोडण्यात आले. वाळूमिश्रित मातीचा बांध तासाभरात वाहून गेला. चिकणमातीचा कित्येक तास उभा राहिला. पाणी प्रथम बांधाच्या पाठीकडील उतारावर पायऱ्या कोरते. त्या मागे सरकत माथ्यापर्यंत पोहोचल्या, की खिंडार पडते. विशेष हे, की माती एकच असूनही, ती योग्य ओलीवर धुमसली की कोरडी, यावर झिजण्याचा वेग अनेक पटींनी बदलतो.

आम्ही कोकणी मुलखातले. गोव्याच्या खाजन शेतीत खाडीचे पाणी मातीच्या बांधांनीच अडविले जाते. खेकड्याने पाडलेले छिद्र वेळीच बुजविले नाही, तर सारे शेत खारे होते, हे तेथील शेतकऱ्यास पुस्तकावाचून ठाऊक असते. गावाच्या बांधाची राखण हे तेथे गावाचेच काम मानीत.

तीच वृत्ती शहरानेही अंगी बाणवावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बांधाच्या मातीची परीक्षा व्हावी आणि तो फुटू लागल्यास लोकांस किती अवधी मिळेल, हे त्या त्या वस्तीत जाहीर लावावे. हा आकडा अचूक नसेल. परंतु अंदाज हाती असलेला मनुष्य घर वेळेवर सोडतो, आणि नसलेला माळ्यावर सामान चढवीत बसतो.

विद्यार्थ्यांनी शाळेच्या अंगणात दोन छोटे बांध रचावे, एक कोरड्या मातीचा व एक ओलसर धुमसलेला, आणि घड्याळ लावून त्यांवर पाणी सोडावे. बांधावर विश्वास जरूर ठेवावा. परंतु तो मोजून ठेवावा.