दहा वॅट पुरेत!

"लहान घेऊन पस्तावाल आजोबा, एकदाच काय तो मोठा घ्या." नातवाच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने केलेला हा उपदेश. आम्ही ऐकला आणि पन्नास वॅटचे धूड दोन खोल्यांच्या घरात आणले. बटण जरा फिरवले की खालचे बिऱ्हाड वर! पोरगा असा बिचकला की महिनाभर गिटार भिंतीला टेकून उभी.

हा उपदेश साफ चुकीचा आहे. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. स्पीकर तोच असेल तर वाढतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे दहा वॅटसुद्धा घराला भरपूर झाले! मोठा हवा तो ड्रम्सच्या जोडीने वाजवणाऱ्याला.

शिकणाऱ्यासाठी पाहायचे ते वेगळेच. हेडफोन लावायची सोय आहे का? अगदी हळू वाजवतानाही सूर स्वच्छ येतो का? डिस्टॉर्शनच्या गुरगुराटाला भुलू नका, त्यात चुका झाकल्या जातात. जन्मभर वह्या तपासल्या आहेत मी. जी चूक कळतच नाही, ती सुधारणार कशी?

शेवटी पदरचे पैसे घालवून दहा वॅटचा आणला. आता रोज रात्री हेडफोन लावून स्वारी तासभर बसते. आम्हाला ऐकू येते ती नुसती तारांची किणकिण. परवा खालच्या वहिनींनी विचारले, "सोडलं का हो त्यानं वाजवायचं?"

म्हटले, "नाही हो, आत्ता कुठे धरलंय!"