सडकेवर आडवीं येणारीं जनावरें व आपला दुचाकीस्वार

हा विषय शेतीच्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. खत, बियाणें, उंसाचा दर हे विषय सोडून मोटारसायकलीपुढें हरिण आडवें आलें तर काय करावें, ह्याची चर्चा शहरांतील हौशी तरुणांनीं करावी. शेतकऱ्यास तिचें काय, असेंही कोणी म्हणेल. पण आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न त्या तरुणांपेक्षां आपलाच अधिक आहे. हौशी स्वार वर्षांतून दोनदां दाजीपुरास जातो. आपला शेतकरी त्याच सडकेनें रोज दोनदां जातो, आणि तोही नेमका ज्या घटकेस जनावर रानांतून बाहेर पडतें त्याच घटकेस. डेअरीवर दूध घालण्याची वेळ पहांटेची व तिन्हीसांजेची. भेकर, सांबर, रानडुक्कर व गवा ह्यांची चरावयास निघण्याची वेळही तीच. दोघांचें वेळापत्रक एक व सडकही एक. मग गांठ पडते ह्याचें नवल तें काय?

महसूल खात्यांत आम्हीं तीस वर्षांवर कारकुनी केली, व निवृत्तीनंतर मंगळवार पेठेंत, खासबाग मैदानापासून हांकेच्या अंतरावर, स्वस्थ बसलों आहों. स्वस्थ म्हणावयाचें इतकेंच. राधानगरी रस्त्यावरील एका गांवीं बहिणीच्या शेतालगत आमचा दीड एकर ऊंस आहे, त्यामुळें आठवड्यांतून दोन वेळां तरी फटफटी बाहेर काढावी लागते. गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं सायंकाळीं, भाच्यास मागें बसवून व दुधाच्या दोन किटल्या अडकवून, आम्ही गांवच्या डेअरीकडे निघालों होतों. जेथें सडकेच्या दोन्ही बाजूंस ऊंस अगदीं डांबराला भिडला आहे, तेथें भाचा म्हणाला, "मामा, हितं जरा दमानं घ्या, भेकरं आडवी येत्यात." डेअरीची वेळ टळेल, असें उत्तर देऊन आम्हीं गाडी तशीच पुढें हांकली. तोंच डाव्या हाताच्या उंसांतून भेकराची मादी निघाली व दोन उड्यांत पलीकडे गेली. ती गेली असें पाहून आम्हीं ब्रेकवरचा हात सैल केला, आणि तिच्या मागोमाग तिचें पिल्लू आलें. पुढचा ब्रेक एकदम आंवळतांच चाक कडेच्या खडीवर घसरलें. पिल्लू सुखरूप गेलें. आमच्या गळ्याजवळचें हाड मोडलें, व भाच्याचा गुडघा गाडीखालीं सांपडला. आमचें हाड सांधलें. भाच्यास मात्र चार महिने काठीवांचून चालतां आलें नाहीं. ऊंसतोडीचा हंगाम त्याच्यावांचून गेला. धार काढून दूध पोंचविण्यास घरांत माणूस उरलें नाहीं, आणि माघांत बहिणीनें चांगली दुभती म्हैस विकली. ह्यांत दोष भेकराचा नव्हता व खडीचाही नव्हता.

तेव्हां पहिली गोष्ट जी आम्ही त्या दिवशीं शिकलों ती ही कीं, एक जनावर गेलें म्हणजे सडक मोकळी झाली असें समजूं नये. मादीमागें पिल्लू असतें, सांबरामागें दुसरें सांबर असतें, आणि डुकरांची तर रांगच असते. पहिलें दिसतांच गाडी थांबविण्याच्या बेतास आणावी, तें जेथून निघालें तेथें पाहावें, व तें जेथें गेलें तेथें पाहत बसूं नये. माणसाची नजर पळत्याच्या मागें जाते, हाच घात आहे.

हरिणवर्गांतील जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागें चकाकणारा एक थर असतो, त्यायोगें त्यांस अंधारांत दिसतें. पण ह्याच कारणानें दिव्याचा प्रखर झोत अंगावर येतांच तें जनावर दिपून जागच्या जागीं उभें राहतें, किंवा भलत्याच दिशेस झेप घेतें. आपल्यास दुरून दोन हिरवट ठिपके चमकतांना दिसले तर ती काजव्यांची जोडी नव्हे हें ओळखून वेग उतरवावा, दिवा खालीं झुकवावा, व भोंगा द्यावयाचा तर तुटक द्यावा. उगाच लांबलचक भोंग्यानें जनावर बिथरतें. काळविटाची रीत आणखी निराळी. कोल्हापूर दरबारचे शिकारी चित्ते व त्यांनीं धरलेलीं काळविटें ह्यांच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं पेठेंतल्या वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत. माळ नांगराखालीं गेले तसें तें जनावर हटत गेलें. तरी सोलापूर जिल्ह्यांत नान्नजकडे व अहिल्यानगर जिल्ह्यांत रेहेकुरीकडे तें आहे. काळवीट गाडीस भिऊन दूर पळण्याऐवजीं कित्येकदां गाडीच्या बरोबरीनें धांवतें व अखेर पुढून आडवें जातें. त्याच्याशीं शर्यत लावणारा स्वार स्वतःच्या हातानें अपघात ओढवून घेतो.

आतां वेगाचा हिशेब. मोजणीची ३३ फुटी साखळी आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गुंठ्याची एक बाजू ती एक साखळी, म्हणजे सुमारें दहा मीटर. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारा स्वार जनावर दिसल्यापासून ब्रेकला हात जाईपर्यंतच्या एका सेकंदांत पावणेदोन साखळ्या कापतो, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर आणखी सव्वादोन साखळ्या जाऊन थांबतो. एकूण चार. ताशीं ३० वर तोच स्वार दीड साखळींत उभा राहतो. झुकवलेल्या दिव्याच्या उजेडांत काळपट अंगाचें जनावर तीन साखळ्यांच्या पलीकडे नीट ओळखूं येणें कठीण. म्हणजे ६० च्या वेगानें जाणाऱ्यास तें दिसतें तेव्हांच उशीर झालेला असतो. मग तो कितीही कुशल असो. ओल्या सडकेवर, शेणाच्या पोवावर, किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनीं आणलेल्या चिखलावर हा हिशेब याहून वाईट होतो. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरवरील नव्या गाड्यांस चाक न अडकूं देणारी ब्रेकची योजना सक्तीची झाली, ती चांगलीच आहे. पण तिच्यामुळें चाक घसरत नाहीं इतकेंच, डोळ्यांस अधिक दूरचें दिसत नाहीं. शिवाय खेड्यांत अजून जुन्या गाड्या पुष्कळ धांवतात. त्यांवर पुढचा व मागचा ब्रेक एकदम, पण झटका न देतां, वाढत्या जोरानें दाबण्याची संवय दिवसा मोकळ्या रस्त्यावर करून ठेवावी. हरिण चुकविण्यासाठीं गाडी एकाएकीं वळवूं नये. भेकरास चुकवून समोरच्या ट्रकखालीं गेल्याचें समाधान कोणासही होणार नाहीं. गाडीस लावावयाच्या कांहीं शिट्ट्या बाजारांत मिळतात, त्यांच्या बारीक आवाजानें हरिणें दूर होतात असें विकणारे सांगतात. तपासांत त्यांचा उपयोग दिसून आलेला नाहीं. तो पैसा शिरस्त्राणांत घालावा, आणि मागें बसणाऱ्यासही एक घ्यावें. भाच्याच्या डोक्यावर त्या दिवशीं तें नव्हतें. गुडघ्यावर निभावलें हें दैव.

गव्याची गोष्ट स्वतंत्र सांगितली पाहिजे, कारण तो भेकरासारखा वीसपंचवीस किलोंचा जीव नव्हे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या आसपास भरतो. त्याच्यावर आदळणें म्हणजे भिंतीवर आदळणें होय. अंग काळें असल्यामुळें तो अंधारांत मिसळून जातो, आणि स्वारास प्रथम दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. हे चार पांढरे खुंट सडकेवर दिसले तर दूरच थांबावें, झोत त्याच्या तोंडावर धरूं नये, भोंगा वाजवूं नये, आणि तो आपण होऊन जाईपर्यंत वाट पाहावी. न गेल्यास मागें फिरावें. १९५८ सालीं दाजीपूरचें रान गव्यांसाठीं राखलें गेलें व पुढें त्याचें राधानगरी अभयारण्य झालें, तें सुमारें ३५१ चौरस किलोमीटरचें आहे. पण गव्यास हद्दीचे दगड वाचतां येत नाहींत. डिसेंबर २०२१ मध्यें एक गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपाशीं आला, आणि करवीर तालुक्यांतील भुयेवाडीस एका तरुणाचा त्यांत जीव गेला. त्याच्या आधल्याच वर्षीं डिसेंबरांत पुण्यास कोथरुडांत आलेला गवा लोकांच्या पाठलागानें धांवून धांवून मेला. मोबाईल घेऊन मागें लागणारी गर्दी ही गव्याहून भयंकर, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्यावर उपाय सरकारनें करावा, सडकेस दोन्हीकडून कुंपण घालावें, असें सभांतून ऐकूं येतें. नागपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या रानांतून नेतांना जनावरांसाठीं खालून वाटा ठेवल्या. आपल्या राज्याच्या हद्दींत अशा नऊ जागा आहेत, आणि चितळ, गवे व वाघसुद्धां त्यांतून जातांना कॅमेऱ्यांत टिपले गेले. काम उत्तम झालें. पण तो चौपदरी महामार्ग आहे. हळदी-परित्यावरून राधानगरीस जाणाऱ्या किंवा गगनबावड्याच्या सडकेवर, जेथें गांवोगांवच्या पाणंदी येऊन मिळतात, तेथें कुंपण कोठें घालणार व कोठें तोडणार? अर्धवट कुंपणाचा परिणाम इतकाच कीं, सर्व जनावरें एका फटीशीं गोळा होतात. इशाऱ्याची पाटी हीही बहुधां सुशोभनाचीच वस्तु. रोज जाणारा ती तिसऱ्या दिवसापासून वाचीत नाहीं.

आमचें मत असें आहे कीं, जनावर कोठून उतरतें हें जितकें शेतकऱ्यास ठाऊक तितकें कोणत्याही खात्यास नाहीं. ओढा सडकेस कोठें मिळतो, कोणाच्या बांधावर खुरांची वाट पडली आहे, फाल्गुन-चैत्रांत रानांतलें पाणी आटल्यावर जनावरें कालव्यावर कोणत्या बाजूनें येतात, तोड झालेल्या फडांतून उठलेलीं डुकरें कोणत्या उभ्या उंसांत शिरतात, हें गांवांतल्या पोरासही सांगतां येतें. आमच्या भाच्यानें सांगितलेंच होतें. असा ठिकाणा दर गांवच्या शिवारांत दोनचारच असतो, व त्याची लांबी फार तर पांचदहा साखळ्या. तेवढ्यापुरता ३० चा वेग ठेवल्यास डेअरीस पोंचण्यास मिनिटभर उशीर होत नाहीं. ह्या जागा गांवच्या संस्थेनें ठरवून दगडांस चुना फांसावा; पाटीपेक्षां तो रात्रीं अधिक दिसतो.

दुसरें असें कीं, ऊंस डांबरापर्यंत लावण्याचा जो लोभ आहे तो सोडला पाहिजे. हें लिहितांना आम्हीं महसूल खात्याचा चष्मा पुन्हां लावला असें कोणी म्हणेल. पण सडकेची कड ही बहुतेक ठिकाणीं आपली नाहींच, हें सातबारा व नकाशा पाहणारास कळेल. कड मोकळी असली तर जनावर सडकेवर येण्यापूर्वीं दोन सेकंद तरी दिसतें, आणि वरच्या हिशेबांत दोन सेकंद म्हणजे सर्वस्व आहे. जातां जातां हेंही सांगतों कीं, उंसाच्या ट्रॉलीमागें दिवा लावावा. भेकराचे डोळे तरी चमकतात. आपल्या ट्रॉलीस तेंही नसतें.

मेलेलें हरिण सडकेच्या कडेस सांपडलें तर तें घरीं नेण्याचा मोह कित्येकांस होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणें मेलेलें सांपडलेलें किंवा चुकून मारलें गेलेलें वन्य जनावरही सरकारची मालमत्ता होय, व तें ज्याच्या हातीं आलें त्यानें ४८ तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीं आहे. जखमी जनावराजवळ मात्र जाऊं नये. सांबराच्या लाथेनें माणूस लोळतो.

एक गोष्ट तरी सरकारनेंच करावयाची आहे व ती म्हणजे वीज. दूध दोन वेळां घालणें आपल्या हातचें आहे, त्यांत दहा मिनिटें मागें-पुढें करतां येतील. पण पाण्याची पाळी रात्रीं दोन वाजतां आली तर शेतकऱ्यानें काय करावें? तो उठतो, झोंपेच्या डोळ्यांनीं गाडी काढतो, आणि गव्याच्या वाटेनें पंपाकडे जातो. फेब्रुवारी २०२२ मध्यें स्वाभिमानी शेतकरी संघटनेनें कोल्हापुरांत महावितरणच्या कचेरीपुढें दिवसा दहा तास विजेसाठीं धरणें धरलें, त्या वेळीं अनेकांनीं ती केवळ सोयीची मागणी समजली. आमच्या मतें ती जिवाची मागणी होती. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ सालीं निघाली. जेथें ती पोंचली तेथें रात्रीचा फेरा चुकला. रानालगतच्या गांवांस ती आधीं द्यावी, इतकेंच आमचें मागणें आहे, व आपल्या संस्थेनें तसा ठराव करून पाठवावा.

आमच्या मेहुण्यांनीं मुलाचा गुडघा बरा होण्याची वाट न पाहतां रस्त्याकडेच्या तीन सऱ्या काढून टाकल्या. शेजाऱ्यांनीं टिंगल केली, पण पुढच्या हंगामीं दोघांनीं तेंच केलें. मोकळी जागा वायां जाऊं नये म्हणून मेहुण्यांनीं बांधाच्या आंतल्या अंगास हरभरा टाकला होता. त्याचा वास लागून भेकरें रोज रात्रीं सडकेवरच येऊन उभीं राहूं लागलीं, तेव्हां तो उपटावा लागला. यंदा तेथें मिरची आहे, व अजून तरी तिला कोणी तोंड लाविलेलें नाहीं.