हत्ती दिसतो, बायका दिसत नाहीत

मूडबिद्रीची यात्रा करून आलेली आमच्या भागातली माणसं साधारण तीन गोष्टी सांगतात. हजार खांबांची बस्ती पाहिली, रत्नांच्या मूर्तींचं दर्शन झालं आणि धवला ग्रंथाच्या ताडपत्रांना हात जोडले. मग एखादे काका समाधानानं म्हणतात, "आपल्या पूर्वजांनी, थोर पुरुषांनी हे जपलं म्हणून आज दिसतंय." या वाक्यातल्या 'पुरुषांनी' या एका शब्दाशी माझं भांडण आहे.

मूडबिद्री म्हणजे दक्षिण कन्नडमधली जैन काशी. छोट्याशा गावात अठरा बस्त्या. त्यातली त्रिभुवनतिलक चूडामणी ही मोठी बस्ती 1430 सालची. चौटा राजांची राजधानी इथेच होती. पोर्तुगीजांशी लढलेली उल्लाळची राणी अब्बक्का याच जैन चौटा घराण्यातली. त्यांच्या जुन्या वाड्यातल्या लाकडी खांबावर 'नवनारीकुंजर' कोरलेला आहे. नऊ बायका अशा गुंफल्यात की लांबून पाहिलं तर हत्तीच दिसावा. आपला इतिहासही आपण असाच लांबून बघतो. हत्ती दिसतो, बायका दिसत नाहीत. म्हणून जरा जवळ जाऊ या.

ज्या ताडपत्रांसाठी मूडबिद्री जगाला माहीत आहे, ती कुणी लिहवून घेतली? पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांनी षट्खंडागमाची सूत्रं रचली, वीरसेनांनी 816 साली त्यावर धवला टीका पूर्ण केली. हे आपल्याकडे पाठशाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण ताडपत्रांच्या प्रशस्तीत काय लिहिलंय ते कुणी सांगत नाही. धवलेची प्रत राजघराण्यातल्या देमियक्का नावाच्या श्राविकेनं श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनात शुभचंद्र सिद्धान्तदेवांना दिली. महाबंधाची प्रत शांतिसेन राजाची पत्नी मल्लिकादेवी हिनं व्रत पूर्ण झाल्यावर माघनंदी मुनींना दिली. आज उद्यापनाला आपण स्टीलची भांडी वाटतो. त्या बायकांनी ग्रंथ दिले! आणि त्याही आधी लक्कुंडीच्या अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्याची कीर्ती आहे. छापखाना यायला तेव्हा कितीतरी शतकं होती.

आता दुसरी गोष्ट. या ग्रंथांच्या प्रती दुसरीकडे कुठे उरल्या नव्हत्या. मूडबिद्रीच्या सिद्धान्त बस्तीत होत्या, पण तिथे त्यांची पूजा होई, वाचन नव्हे. जुनी कन्नड लिपी वाचणारेही कमी होत गेले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा कुठे 1896 पासून नक्कल करण्याचं काम सुरू झालं. अट अशी की नक्कलही गावाबाहेर जाता कामा नये. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी दिवसा मठासाठी लिहिलं आणि गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली. या कामात त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई हिचा मोठा हात होता. ही प्रत घ्यायला दोन्ही शेठजींनी नकार दिला. त्यांना ते नीतीला धरून वाटलं नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांनी ती घेतली. तिथे तिची नागरी नक्कल झाली, त्यातूनही आणखी एक प्रत बाहेर पडली, आणि मग आरा, कारंजा, अमरावती अशी ती पसरत गेली. 1939 साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग छापला, पुढे सोळा भाग झाले. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये या कामात त्यांच्या सोबत होते. सदलग्याचा अभिमान आम्ही बाळगतो, बाळगायलाच हवा. पण लक्ष्मीबाईंचं नाव मी आजवर एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल, ती तर चोरी होती. अट मोडली, हे खरंच आहे, ते मी झाकत नाही. आणि मठानंही शेकडो वर्षं, त्या किनाऱ्यावरच्या धो धो पावसात, वाळवी-कसरीतून ताडपत्रं वाचवली, हे ऋण तर मोठंच. पण कुलपात ठेवणं म्हणजे जपण्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं वाचण्यानं होतं. याचा पुरावा त्याच ग्रंथात आहे, आणि तो बायकांविषयीच आहे.

धवलेच्या सत्प्ररूपणेतलं 93वं सूत्र मनुष्यिणींबद्दल, म्हणजे मनुष्यगतीतल्या स्त्रियांबद्दल आहे. त्यांना कोणकोणती गुणस्थानं असतात ते त्यात सांगितलंय. संपादकांच्या हाती आलेल्या प्रतींत त्या यादीत 'संजद' हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, पूर्ण संयमी. पुढची टीका वाचून संपादकांनी तळटीप दिली की इथे हा शब्द असायला हवा. केवढा गदारोळ झाला! धर्म बुडाला, शास्त्रात भेसळ झाली, इथवर बोललं गेलं. मग मूडबिद्रीची ताडपत्रं उघडून पाहिली, तर त्यात 'संजद' शब्द आहे! नकलांमधून गळला होता. तो शब्द भाववेदाला धरून घ्यायचा की द्रव्यवेदाला, यावर पंडितांनी खुशाल चर्चा करावी. दिगंबर परंपरेचं उत्तर मला ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की कुणी वाचलंच नसतं तर तो शब्द गेला होता, आणि गेला हे कळलंही नसतं.

आणि तरीही आमच्या गावात काय चालतं? बस्तीतल्या ग्रंथांचं कपाट बायका पुसतात. श्रुतपंचमीला वेष्टनं आम्ही धुतो, इस्त्री करतो, नवी शिवतो. जिनवाणीला 'माता' म्हणत आरती आम्हीच ओवाळतो. पण शास्त्रसभेत वाचायला बसायचं म्हटलं की एक जाणते गृहस्थ सांगतात, "सिद्धान्तग्रंथ बायकांनी वाचायचे नसतात, तुम्ही कथा-पुराण वाचा." अहो, तो जुना नियम खरंतर सगळ्या गृहस्थांनाच लावला जायचा. काका तुम्हीही गृहस्थच की! तुम्ही तुमच्यापुरता मोडलात आणि आमच्यापुरता शिल्लक ठेवलात. शिवाय सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांनी षट्खंडागमाची सूत्रं संपादित करून छापली, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. एका बाईनं संपादित केलेला ग्रंथ दुसऱ्या बाईनं वाचायचा नाही, हा कुठला न्याय?

सगळा दोष पुरुषांवर टाकूनही भागणार नाही. आम्हा बायकांनाही उपवासांची संख्या सांगायला आवडते, वाचलेली पानं मोजायला नाही. पुसणं सोपं असतं, वाचायला बसलं की डोकं शिणतं. अर्थ लागत नाही, लाज वाटते, म्हणून आम्हीच कपाट बंद करतो.

तेव्हा मागणं साधं आहे. येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला कपाटाची एक किल्ली श्राविकांकडे द्या. वेष्टन सोडलं की पुसून लगेच बांधायचं नाही, दोन पानं मोठ्यानं वाचायची, अर्थासकट. चुकलो तर दुरुस्त करा, पण थांबवू नका. आणि वाचन सुरू करण्याआधी पूर्वजांची नावं घेताना वीरसेनांनंतर देमियक्का, मल्लिकादेवी आणि लक्ष्मीबाई यांचीही नावं घ्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज आहे, असं मला वाटत नाही.