भरती झालात तरच कार्ड चालेल!

जोहरी बाजारातल्या सर्व मराठी गलाई बांधवांनो आणि भगिनींनो,

आपल्यातल्या एका कारागिराची हकीकत एव्हाना गल्लीगल्लीत पोहोचली आहे. वीसेक वर्षं भट्टीपुढे बसून त्याने तेजाबाचा धूर छातीत घेतला. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तो राज्याच्या आरोग्यविमा योजनेच्या यादीतल्या एका खासगी दवाखान्यात गेला. खिडकीवर उत्तर मिळालं, "भर्ती नहीं हो, तो कार्ड नहीं चलेगा." डॉक्टरची फी, छातीचा स्कॅन, ओढायचा पंप, सगळं खिशातून गेलं. पुढे पंप परवडेना, तो बंद झाला. मग एका रात्री ओठ निळे पडले आणि त्याच कार्डावर अतिदक्षता विभागाचं दार लगेच उघडलं. आज तो घरी ऑक्सिजनच्या मशिनला जोडलेला आहे. मशिनचं भाडं कार्डात बसत नाही.

कोणी खिडकीवरच्या पोराला शिव्या दिल्या. त्या बिचाऱ्याने समोर लिहिलं होतं तेच सांगितलं. आपलं भांडण आहे ते भरतीच्या अटीशी.

इथे राजस्थानात २०२१ साली चिरंजीवी आरोग्यविमा योजना आली, पाच लाखांची. मोफत गटात न बसणाऱ्या घराला वर्षाला ८५० रुपये. २०२२ च्या अर्थसंकल्पात पाचाचे दहा झाले, २०२३ मध्ये दहाचे पंचवीस. सरकार बदललं, योजनेचं नाव बदललं. आकडा पाचपट झाला, पण खोकणाऱ्या माणसाला खाटेवर पडल्याशिवाय त्यातला रुपया मिळत नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेतही तेच: भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस. डायलिसिस, केमोसारख्या एका दिवसाच्या उपचारांना सूट आहे, ती चांगलीच आहे. पण दमा, साखर, रक्तदाब हे आजार पंधरा दिवसांत उरकतात, असं कोणत्या शहाण्याने ठरवलं?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले ३९ लोकांनी थेट खिशातून भरले. त्यातला मोठा वाटा गोळ्या, तपासण्या आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा. जिथे खिसा रिकामा होतो, नेमकी तीच जागा विम्याने सोडून दिली आहे!

यावर एक उत्तर हमखास ऐकवलं जातं: "एसएमएसच्या सरकारी दवाखान्यात जा, सगळं फुकट आहे." २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत, २०१३ पासून तपासण्याही. त्या योजनांचं मोल मी जाणतो. पण पर्चीची रांग, डॉक्टरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग यात आपला दिवस जातो आणि त्या दिवसाची भट्टी थंड राहते. शिवाय सरकारी दवाखान्यात भरतीही होतेच की! मग भरतीसाठी खासगी दार उघडलंत आणि साध्या तपासणीसाठी रांग दाखवता, हा कुठला न्याय?

दुसरं उत्तर याहून संतापजनक आहे: भरतीविना उपचाराला विमा दिला तर लोक उगाच डॉक्टरकडे जातील. वितळलेली चांदी मुशीत सोडून कोण गंमत म्हणून डॉक्टरकडे जातो? उलट याच अटीमुळे गोळ्यांवर भागणाऱ्या माणसालाही खाटेवर झोपवण्याचा मोह होतो. पैशाची काळजी करणाऱ्यांनी आधी तिकडे पाहावं.

आणि भरतीविना उपचाराला विमा देणं हे काही अवघड गणित नाही. जर्मनीने १८८३ साली कामगारांचा आजारविमा सुरू केला तोच डॉक्टर, औषधं आणि आजारपणातला पगार यांच्यापासून. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. तेव्हा मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत तो लागू झाला. आज ईएसआयच्या कामगाराला भरती न होता डॉक्टर मिळतो, औषध मिळतं, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कामगाराच्या पगारातून कापला जातो शंभराला पाऊण रुपया, मालक भरतो सव्वातीन.

मग आपल्याला का नाही? कारण ती सक्ती दहा माणसांपासून पुढे, आणि विटा-आटपाडीहून आलेल्या आपल्या माणसाच्या दुकानात असतात तीन-चार जण. नायट्रिक ॲसिडचा धूर डोकी मोजून छातीत शिरत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर धोकादायक कामाला एक कामगार असला तरी ईएसआय लावण्याची तरतूद आहे. मात्र ते काम केंद्राने जाहीर करावं लागतं.

म्हणून आपल्या मागण्या दोनच. राज्याच्या योजनेत भरतीविना तपासणी, औषधं आणि घरचा ऑक्सिजन घ्या. गलाईची भट्टी धोकादायक कामांत जाहीर करा.

प्रत्येक दुकानाने गेल्या वर्षातली डॉक्टरची, औषधाची, तपासणीची बिलं एका पाकिटात घालावीत. वर फक्त दोन आकडे लिहावेत: भरतीविना खर्च किती झाला आणि कार्डावर किती मिळाला. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी ते पाकीट ठेवा, मग बोला.