खांद्यावरचा हात

६ जुलै १९७२ च्या गुरुवारी सायंकाळी, बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात डेव्हिड बोवी नावाचा पंचवीस वर्षांचा गायक निळी गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला, तेव्हा त्याचे केस तांबडे आणि ताठ होते, चेहरा रंगविलेला होता, अंगात फ्रेडी बरेटी या मित्राने शिवलेला, गोधडीसारखा टाचलेला नाना रंगांचा पोशाख होता. आणि गाणे भरात आले असता त्याने शेजारच्या मिक रॉन्सन या गिटारवादकाच्या खांद्यावर, जणू त्यात विशेष काहीच नाही अशा सहजतेने, हात टाकला. त्या रंगांची उधळण बहुसंख्य ब्रिटिश कुटुंबांना दिसलीही नसेल, कारण तेथे रंगीत दूरदर्शन संचांचे परवाने कृष्णधवल संचांच्या परवान्यांहून अधिक व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. हात मात्र कृष्णधवल पडद्यावरही दिसला. गॅरी केम्प, इयन मॅक्युलॉक यांच्यासारखी, तेव्हा शाळेत असलेली आणि पुढे स्वतः गायक-वादक झालेली मंडळी त्या संध्याकाळची आठवण आयुष्यभर सांगत आली. ती चित्रफीत मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि दर वेळी माझी दृष्टी पोशाखावरून त्या हाताकडे वळते.

तो हात कोणत्या काळात पडला हे ध्यानी घ्यायला हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा परस्परसंमत संबंध अपराधांच्या यादीतून वगळला, पण तो खाजगीत असेल तरच. सैन्यातील पुरुषांना आणि व्यापारी जहाजांवरील खलाशांना ही मुभा नव्हती, आणि स्कॉटलंडला तो कायदा लागूच नव्हता. म्हणजे सरकारने दिलेला परवाना बंद दाराआडचा होता. समलिंगी स्त्रीपुरुषांचा लंडनमधील पहिला अभिमान-मोर्चा १ जुलै १९७२ रोजी निघाला आणि त्यानंतर पाचच दिवसांनी हा हात, आईवडील आणि मुले एकत्र बसलेल्या दिवाणखान्यात, दार न ठोठावता शिरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बोवीने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले होते. पुढे १९८३ मध्ये ते सांगणे ही चूक होती असेही तो म्हणाला. या फिरवाफिरवीचा राग येणाऱ्यांचे म्हणणे मला समजते. परंतु एखाद्या खेड्यात, आपल्यासारखे जगात दुसरे कोणीच नाही अशा समजुतीने झुरणाऱ्या मुलाला त्या संध्याकाळी जे मिळाले, ते अकरा वर्षांनंतरच्या खुलाशाने परत घेता येण्याजोगे नव्हते.

बोवीच्या वेशाची वंशावळ मोठी आहे. ५ जुलै १९६९ रोजी हाइड पार्कमध्ये मिक जॅगर पांढऱ्या विजारीवर झगेवजा पांढरा अंगरखा घालून गायला, तो मायकेल फिश या शिंप्याच्या दुकानचा. आणि ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ या ध्वनिमुद्रिकेच्या १९७१ च्या ब्रिटिश आवृत्तीवर बोवी जो पायघोळ झगा घालून पहुडला आहे, तोही त्याच फिशचा. अमेरिकी आवृत्तीवर या छायाचित्राऐवजी व्यंगचित्र होते. पण या साऱ्यांचा मूळपुरुष अमेरिकेतलाच. जॉर्जियातील मेकन गावचा लिटल रिचर्ड १९५५ च्या सुमारास डोळ्यांत काजळ, गालांवर रंगाचा थर आणि डोक्यावर केसांचा मनोरा घेऊन मंचावर येई. आणि आपण गोऱ्या मुलींच्या मागे आहोत असा संशय गोऱ्या पुरुषांना येऊ नये म्हणून आपण तो रंग लावत असू, असे त्याने पुढे सांगितले. त्या काळच्या दक्षिणेत असा संशय काळ्या माणसाच्या जिवावर बेतत असे. तेव्हा लंडनच्या तरुणांनी जे चैन म्हणून अंगावर घेतले, ते या काळ्या गायकाने अभयाचा कौलनामा म्हणून चेहऱ्यावर वागविले होते, आणि बोवीचे कौतुक करताना या ऋणाचा उच्चार राहून जातो याचे मला मनापासून दुःख होते.

स्त्रियांनीही स्त्री-पुरुषांच्या वेशातला भेद ओलांडला. १९८३ मध्ये गायिका ॲनी लेनॉक्स आखूड नारिंगी केस आणि पुरुषी सूट अशा वेशात पडद्यावर आली, तेव्हा तिच्या नजरेत आर्जवाचा लवलेशही नव्हता. तरीही प्रसिद्ध गायकाभोवती प्रकाशझोत असतात, रक्षक असतात, गाडी असते. दुसऱ्या दिवशी आईची नेलपॉलिश लावून शाळेत जाणाऱ्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. समाजाची नजर सरावली ती अशा अनाम मुलांनी खाल्लेल्या मारामुळे, असे माझे ठाम मत आहे.

पाचगणीला गेलो की सेंट पीटर्स शाळेपाशी माझी पावले थबकतात. झांजीबारात जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा १९५० च्या दशकात येथे वसतिगृहात राहिला आणि ‘हेक्टिक्स’ नावाच्या शालेय बँडमध्ये पियानो वाजवू लागला. हाच पुढचा फ्रेडी मर्क्युरी. १९८४ मध्ये ‘आय वॉन्ट टु ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत तो आपल्या मिशांसकट स्त्रीवेशात, घरात झाडलोट करताना दिसला. एका लोकप्रिय मालिकेचे विडंबन ओळखून ब्रिटन मनमुराद हसले. अमेरिकेतील एमटीव्हीने ती चित्रफीत दाखविली नाही. परंतु हसणाऱ्या त्याच ब्रिटनने चारच वर्षांनी, १९८८ मध्ये, समलिंगी जीवनाचा पुरस्कार करण्यास स्थानिक संस्थांना मज्जाव करणारे कलम संमत केले, आणि इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत अंमलात राहिले. वेशाला टाळ्या देणारे हात माणसासाठी दार उघडायला किती कचरतात, हे त्या कलमाच्या सावलीत वाढलेली मुलेच सांगू शकतील.

फ्रेडीला हे ठाऊक असावे. मंचावर ज्याने काहीही नेसण्यास कधी संकोच केला नाही, त्याने आपल्या शय्येवरील आजाराचे नाव वर्षानुवर्षे जगापासून राखून ठेवले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, आपल्याला एड्स झाला आहे असे त्याचे निवेदन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, केन्सिंग्टनमधील राहत्या घरी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.