गोळी लिहिण्यापूर्वी वजनकाटा

तीन-तीन महिने पाळी येत नाही म्हणून आई मुलीला घेऊन येते, तेव्हा तिच्या हाती सोनोग्राफीचा अहवाल बहुधा असतोच. वजन मात्र कोणी केलेले नसते. एकवीस दिवसांच्या संप्रेरक-गोळ्या दिल्या की स्राव होतो, आई निश्चिंत होते आणि डॉक्टरही. हे समाधान मला फसवे वाटते. त्या स्रावाने बीजविमोचन सुरू झाल्याचे सिद्ध होत नाही.

येथे इंदूरच्या मराठी घरांत स्थूल मुलीला टोमणे तरी ऐकावे लागतात, म्हणजे तिच्याकडे लक्ष जाते. कृश मुलीचे मात्र कौतुकच होते, आणि मला अधिक काळजी तिचीच वाटते. पाळी टिकण्यास शरीरात सुमारे २२ टक्के मेद लागतो, असे रोझ फ्रिश व जेनेट मॅकआर्थर यांनी १९७४ साली मांडले. त्या नेमक्या आकड्यावर पुढे आक्षेप आले. परंतु ऊर्जेचा तुटवडा जाणवताच मेंदू अंडाशयाला आवरते घ्यायला लावतो, हे आता निर्विवाद आहे. मेदपेशींचा निरोप मेंदूस पोहोचविणारे लेप्टिन १९९४ साली सापडले. इस्ट्रोजेन घटले की, ज्या वयात हाडांत भर पडायची, त्याच वयात ती विरळ होतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी ही हानी भरून निघेल असा भरवसा धरता येत नाही. येथे औषध म्हणजे पोटभर जेवण, आणि ते लिहून देताना आपल्याला उगाच संकोच वाटतो!

स्थूलतेत क्रम निराळा असतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुष-संप्रेरके अधिक बनतात. मेदात त्यांचेच इस्ट्रोजेन होते. बीजविमोचनाअभावी प्रोजेस्टेरॉन नसल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते. तरी वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी परत येते. ७० किलोच्या मुलीला हे साडेतीन ते सात किलो. तिला ‘वीस किलो कमी कर’ म्हणून धाडणे म्हणजे तिने पुन्हा न येण्याची व्यवस्था करणे होय.

गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांची शहानिशा अर्थातच आधी व्हावी. सडपातळ मुलींतही पीसीओएस आढळतो, हेही ध्यानी असावे.

आपल्या आरोग्य-शिबिरांत रक्तदाब व साखर नेमाने पाहिली जाते. तरुणींच्या तपासणीपत्रात उंची, वजन व मागील तीन पाळ्यांच्या तारखा यांसाठी रकाने असावेत, आणि वजन आडोशाला, मोठ्याने आकडा न उच्चारता करावे, अशी माझी सूचना आहे.